चुटकीनंतरचा पंचनामा

१० डिसेंबर २०२५ रोजी नागपूरच्या विधानभवनाच्या आवारात एक बिबट्या दोन पायांवर चालत आला. कुणी पिंजरा लावला नाही, कुणी बेशुद्धीचे इंजेक्शन मारले नाही. उलट कॅमेरेवाले त्याच्या दिशेने धावले. आत जुन्नरचे आमदार शरद सोनवणे होते. हिवाळी अधिवेशन चालू होते, आणि आपल्या भागातल्या बिबट्यांकडे सरकारने नीट पाहावे, मोठी बचाव केंद्रे उभारावीत, एवढेच त्यांचे मागणे होते.

अमेरिकेत माणूस वटवाघळाचा, कोळ्याचा, अगदी मुंगीचाही वेश चढवतो तो जगाला वाचवायला. आपल्याकडे वेश चढवावा लागतो तो सभागृहाचे लक्ष वेधायला. तिकडचा वेशधारी शत्रूवर तुटून पडतो. इकडचा निवेदन देतो, फोटो काढून घेतो आणि तारांकित प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहतो.

तिकडच्या पटकथाकारांनाही उशिरा का होईना, पण एक गोष्ट कळली. खलनायक पडला म्हणजे काम संपले असे नसते. पडलेल्या इमारतींचे काय, याचे उत्तर कुणीतरी द्यावे लागते. म्हणून २०१६ सालच्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये ११७ देश एकत्र येऊन ‘सोकोव्हिया करार’ करतात. यापुढे महानायकांनी कुठे उडायचे आणि कुणाला बडवायचे हे संयुक्त राष्ट्रांची समिती ठरवणार, असे त्याचे स्वरूप. पुढच्या चित्रपटांत खलनायक थॅनोस चुटकी वाजवतो आणि निम्मी सजीव सृष्टी धूळ होऊन उडून जाते. पाच वर्षांनी हल्क दुसरी चुटकी वाजवतो आणि गेलेले सगळे परत येतात. मग २०२१ च्या एका मालिकेत जगभरच्या सरकारांची पुनर्वसन परिषद बसते. परतलेल्यांना कुठे ठेवायचे, मधल्या काळात त्यांच्या घरात राहायला आलेल्यांना कुठे हलवायचे, सीमा पुन्हा आखायच्या का, यावर मतदानाची वेळ येते.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या मंचरच्या प्रेक्षकाला या मालिकेत नवल वाटायचे कारण नाही. पुनर्वसन, पर्यायी जमीन, संपादनाचा मोबदला आणि ‘विषय विचाराधीन आहे’ हे घोड आणि कुकडीच्या खोऱ्यात घरोघरचे शब्द आहेत. इथे पाच धरणांचा कुकडी प्रकल्प झाला आणि डिंभे त्यांतलेच एक. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुका कागदावर, गाव पाण्यात आणि मुख्यालय घोडेगावात. थॅनोसलाही एवढे जमले नव्हते.

तेव्हा प्रश्न असा की महानायकांची अंतिम लढाई न्यूयॉर्कमध्ये न होता मंचरला झाली असती तर?

पहिला वाद हद्दीचा. समजा, परग्रहावरचे अजस्र यान पुणे-नाशिक महामार्गावर आडवे पडले. मधला भाग महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. शेपूट गावातल्या रस्त्यावर, म्हणजे नगरपंचायतीकडे. पंख उसात, म्हणजे महसूल आणि कृषी दोघांकडे. टोक ओढ्यात, म्हणजे कुणाकडेच नाही. तहसीलदार घोडेगावला, प्रांताधिकारी मंचरला, उपवनसंरक्षक जुन्नरला, जिल्हाधिकारी पुण्याला आणि खासदार शिरूर लोकसभा मतदारसंघाचे. आयर्न मॅन कितीही वेगाने उडाला तरी या पाच ठिकाणी एकाच दिवशी साहेब जागेवर सापडणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे.

दुसरा वाद आपत्तीच्या व्याख्येचा. हा वाद नुसता गमतीचा नाही, त्यावर पैसे अडलेले असतात. केंद्राच्या यादीत आपत्ती ठरलेल्या आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीडहल्ला आणि थंडीची लाट. परग्रहवासीयांचा हल्ला त्यात नाही. यादीबाहेरच्या एखाद्या संकटाला राज्याने स्वतः ‘राज्य आपत्ती’ जाहीर केले, तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतली दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम त्यावर खर्च करता येते. तसा प्रस्ताव तयार होऊन मंत्रिमंडळापुढे जाईपर्यंत एखादा अनुभवी नायब तहसीलदार मध्यममार्ग काढील. आकाशातून हजारोंच्या संख्येने उतरलेली, सहा पायांची, पिकांत घुसलेली फौज टोळधाडीच्या रकान्यात बसवता येते का, हे तो एकदा बघेलच.

थॅनोसच्या चुटकीचे मात्र काम सोपे आहे. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले तरच मदत मिळते, हा निकष आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. थॅनोसने नेमके ५० टक्के नेले. म्हणजे सरसकट पात्र. त्याने दयाबुद्धीने ३२ टक्क्यांवर हात आखडता घेतला असता तर शेतकऱ्यांनी त्याला कधीच माफ केले नसते.

मग गावात तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचे संयुक्त पथक येईल. तलाठ्यांना सरकारने आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायला सांगितले आहे, पण संकटात तोंडी जुनेच नाव येते. कांद्याच्या वाफ्यात हातोड्याने पडलेला खड्डा टेपने मोजला जाईल. कडेला सोनेरी केसांचा एक धिप्पाड गृहस्थ ओशाळून उभा असेल.

‘भाऊसाहेब, हा हातोडा माझा आहे.’

‘नाव?’

‘थॉर.’

‘वडिलांचं नाव?’

‘ओडिन.’

‘आडनाव?’

‘ओडिनसन.’

‘म्हणजे वडिलांचंच नाव दोनदा. सिस्टिम घेणार नाही. आधार आहे का? नाही? बरं, तो हातोडा जरा बाजूला घ्या, फोटोत खड्डा पूर्ण यायला पाहिजे. लोकेशनसकट लागतो.’

वाफा दहा गुंठ्यांचा असेल तर हिशेबही लगेच मांडता येतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंतच. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. विश्वाच्या रक्षणार्थ कांदा दिल्याबद्दल शेतकऱ्याच्या खात्यात १,७०० रुपये जमा होतील. दुभती गाय दगावली असेल तर ३७,५००, शेळी असेल तर ४,०००. आयर्न मॅनच्या स्टार्क उद्योगसमूहाने यात काही भर घातली तर ती वेगळी, पण तिच्यावर जीएसटी किती हा प्रश्न आलाच.

परतलेल्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे झाले असते, पण इथे आपल्या कायद्याने जगाला मागे टाकले आहे. भारतात बेपत्ता माणूस सात वर्षे कुणाच्या ऐकण्यापाहण्यात नसेल, तरच तो मेला असे कायदा गृहीत धरतो. थॅनोसची माणसे पाच वर्षांनी परतली. म्हणजे अमेरिकेत त्यांच्या घरांत परके राहायला आले, नोकऱ्या गेल्या, बायकांनी दुसरे संसार थाटले, आणि मंचरला मात्र त्यांची वारसनोंद व्हायला अजून दोन वर्षे बाकी होती. सात-बारावर नाव तसेच. सोसायटीचे कर्जही तसेच, पाच वर्षांच्या व्याजासकट. धूळ होऊन उडालेला माणूस परत आला की पहिली हाक बायको मारणार की सोसायटीचा सचिव, एवढाच काय तो प्रश्न.

निम्मी सृष्टी गेल्याने बिबट्यांचा प्रश्न सुटला असता, असेही कुणी समजू नये. निम्मे बिबटे गेले तशा निम्म्या शेळ्या, निम्मी कुत्री आणि निम्मे वनरक्षकही गेले असते. प्रमाण तेच राहिले असते.

हे सगळे कपोलकल्पित वाटत असेल, तर आकाशातून वस्तू पडण्याचा खरा महाराष्ट्रीय अनुभव पाहावा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. राज्यातल्या कित्येक जिल्ह्यांत लोकांनी आभाळातून जळत जाणारी रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. अवशेष चिनी रॉकेटचे असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज. ‘इस्रो’ची माणसे पाहून गेली. आणि ते कडे? ते पोलीस ठाण्यात जमा झाले. मुद्देमाल ज्या देशाचा असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावा, ही आपली रीत.

अशा पडझडीसाठी जगाने नियम करून ठेवलेला आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती वस्तू सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. नियम एकदा खरोखर वापरून पाहण्याची वेळ आली. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडे बर्फात कोसळला. किरणोत्सारी तुकडे वेचण्याचा खर्च म्हणून कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले. रशियाने दोन वर्षे विचार केला आणि १९८१ मध्ये तीस लाख देऊन विषय मिटवला. मागणीच्या निम्मे, तेही उशिराने. नुकसानभरपाईच्या कामात महासत्ता आणि महसूल खाते यांचे विचार किती जुळतात पाहा.

‘कॉसमॉस’ पडला त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेची ‘स्कायलॅब’ पडणार म्हणून भारतभर लोकांचा जीव टांगणीला लागला होता. ती पडली ऑस्ट्रेलियात. एस्परन्स नावाच्या गावाच्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. नासाने तो भरला नाही. अखेर २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून पैसे चुकते केले. तीस वर्षांनी का होईना, दंड पदरात पडलेल्या त्या नगरपालिकेच्या लेखनिकाला मंचर नगरपंचायतीने एकदा बोलावून शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही.

सरकारे कल्पित संकटांवर गंभीर चर्चा करत नाहीत, हाही एक गैरसमज. डिसेंबर २००७ मध्ये जपानचे संरक्षणमंत्री शिगेरू इशिबा यांनी पत्रकारांसमोर या प्रश्नाचा शिस्तीत ऊहापोह केला. गॉडझिला आला तर सैन्य बाहेर काढता येईल, पण ते युद्ध म्हणून नव्हे, आपत्ती निवारण म्हणून. उडती तबकडी आली तर पंचाईत आहे, कारण ती परदेशी विमान नसल्याने हवाई हद्दीचे उल्लंघन म्हणता येत नाही, आणि ती मैत्री करायला आली असेल तर तिला हल्ला कसे म्हणणार? हे गृहस्थ २०२४ मध्ये जपानचे पंतप्रधान झाले. मधल्या काळात जपानने ‘शिन गॉडझिला’ हा चित्रपट काढला. त्यात राक्षस टोकियो तुडवत असताना मंत्री एका बैठकीतून उठून दुसऱ्या बैठकीच्या खोलीत जातात, कारण नियमानुसार हा निर्णय त्या दुसऱ्या बैठकीतच घ्यायचा असतो. चित्रपट जपानी असला तरी मंचरला तो उपशीर्षकांशिवाय कळेल.

अमेरिकाही मागे नाही. ‘स्टार वॉर्स’मधला ग्रहभेदी ‘डेथ स्टार’ सरकारने बांधावा, असा अर्ज ३४,००० हून अधिक नागरिकांनी केला. जानेवारी २०१३ मध्ये व्हाइट हाउसने त्याला रीतसर उत्तर दिले. खर्च अंदाजे साडेआठ लाख लाख कोटी डॉलर येईल, तूट आधीच मोठी आहे, शिवाय ग्रह उडवणे हे सरकारचे धोरण नाही. अमेरिकी लष्कराच्या स्ट्रॅटेजिक कमांडने २०११ मध्ये झोंबींच्या हल्ल्याला तोंड देण्याचा आराखडाच तयार केला. प्रशिक्षणासाठी कल्पित शत्रू हवा होता आणि खऱ्या देशाचे नाव घालून भांडण नको होते, असे त्याचे कारण. त्या आराखड्यात ‘कोंबडी झोंबी’ असा स्वतंत्र वर्ग आहे. पोल्ट्रीत वायू देऊनही नीट न मेलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या पुन्हा वर येतात, तो हा वर्ग, आणि झोंबींमध्ये खरोखर अस्तित्वात असल्याचे सिद्ध झालेला हा एकमेव प्रकार असल्याचे तिथे नोंदवले आहे. नारायणगावपासून मंचरपर्यंतच्या पोल्ट्रीवाल्यांचा सल्ला घेतला असता, तर हा भाग अधिक अचूक झाला असता.

संयुक्त राष्ट्रांनी तर थेट महानायिकेचीच नेमणूक केली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वंडर वूमन ही महिला आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत झाली. तिच्या तोकड्या कपड्यांवरून निषेध झाला, हजारोंच्या सह्या जमल्या आणि डिसेंबरमध्ये तिचा कार्यकाळ संपला. दोन महिनेही भरले नाहीत. मानद पदावरच्या माणसाला एवढ्या लवकर हटवता येते, हे पाहून इथल्या कित्येक संचालक मंडळांना धक्का बसला असता.

आता पुन्हा आपल्या बिबट्याकडे. त्याचे प्रकरण वर सांगितलेल्या सर्व परिषदांपेक्षा जुने आहे, आणि त्यात जीव गेलेले आहेत, म्हणून जपून बोलायला हवे. धरणांचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. उसाला बारा-चौदा महिने कुणी हात लावत नाही, आत गारवा, बाहेर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याने संसार थाटला. तोडणीच्या वेळी उसात पिल्ले सापडतात, मग वनखात्याची माणसे ती टोपलीत घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. या पिल्लांचे आजी-आजोबाही उसातच जन्मले होते. जंगल त्यांच्या दृष्टीने परदेश आहे.

तरी फेब्रुवारी २००१ पासून सरकारने त्यांना जंगलात पाठवण्याचा मोठा कार्यक्रम घेतला. पकडायचे आणि दूर नेऊन सोडायचे. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे आकडे तपासले, तेव्हा दिसले ते असे: आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, २००१ ते २००३ या काळात ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे येते. जगाच्या रक्षणासाठी घाईने केलेल्या उपायाने संकट चौपट होते, हे दाखवायला पटकथाकारांना तीन चित्रपट लागतात. जुन्नरला तीन वर्षे लागली.

एकाने तर बदलीच रद्द करून घेतली. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक प्रौढ नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो महामार्ग, रेल्वेमार्ग आणि वसईची खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. बहुधा मूळ गाव तेच. संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले, २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. खाडी पोहून जाणारा, पट्टा असलेला, कुणालाही इजा न करता शहरात शिरणारा असा महानायक हॉलीवूडला अजून सुचलेला नाही.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन माणसे गेली, त्यांत दोन लहान मुले होती. लोकांचा धीर सुटला. मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. मृत्यू शिरूर तालुक्यात, रास्ता रोको आंबेगावात, वनविभाग जुन्नरचा, मंत्री मुंबईत आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याविषयी कायदा दिल्लीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला जे कवच दिले आहे, ते कॅप्टन अमेरिकाच्या ढालीपेक्षा मजबूत आहे. मारायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. तो आला, नेमबाज आले आणि एक नर मारला गेला.

गावकरी तोवर थांबले नाहीत. बिबट्या मानेला धरतो, म्हणून पिंपरखेडच्या लोकांनी बाहेर काटे असलेले पट्टे गळ्यात घालून शेतात जायला सुरुवात केली. डोक्यावर पदर, कमरेला विळा, गळ्यात काटेरी पट्टा अशा बायकांचे फोटो देशभर छापून आले. हा वेश कुणा कलादिग्दर्शकाने ठरवलेला नव्हता.

त्यानंतर नागपूरला जी चर्चा झाली, ती सोकोव्हिया कराराच्या तोडीची होती. बिबट्यांचे हल्ले राज्य आपत्ती ठरवावेत, नसबंदी करावी, अनुसूची बदलावी, अशा सूचना आल्या. वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशेब मांडला. माणूस गेला तर सरकार २५ लाख देते. चौघांचे एक कोटी. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबट्या बाहेर येणार नाही. आपत्ती निधीच्या ४,००० रुपये दराने एक कोटीत २,५०० शेळ्या बसतात, बाजारभावाने किती ते कुठल्याही आठवडे बाजारात विचारावे. पण खरा अडथळा दराचा नव्हे, पत्त्याचा. शेळ्या जंगलात आणि बिबट्या उसात. दोघांची गाठ कुणी घालून द्यायची, यासाठी आणखी एक बैठक लागेल.

इथे थट्टा थोडी थांबवावी लागते, कारण पुनर्वसन या शब्दाचा सगळ्यात कठीण धडा आंबेगाव तालुक्यातच आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून माळीण गाडले गेले. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती एसटीच्या चालकामुळे. रोजच्या रस्त्याने बस घेऊन तो आला, तर समोर गावच नव्हते. कुठला उपग्रह नाही, कुठला नियंत्रण कक्ष नाही. पुढे आमडे इथे नवे गाव वसवून एप्रिल २०१७ मध्ये घरे दिली गेली. पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांची आणि भरावाची पडझड झाली आणि पुन्हा दुरुस्तीचे पथक आले. संकट एका सकाळी येऊन जाते, त्यानंतरची दुरुस्ती वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने चालते. या भागाला हे कोणत्याही परिषदेने शिकवावे लागत नाही.

आभाळाकडे लक्ष ठेवायची सोयही याच पट्ट्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश याच तबकड्या ऐकत होत्या. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या जरा आधी तो बंद पडला. यान आदळले होते. मंगळावरच्या अपघाताची वर्दी जुन्नर तालुक्यात मिळाली, हा मान पुणे ग्रामीण पोलिसांच्या नोंदवहीत गेला नाही एवढेच.

या दुर्बिणीला शांतता लागते, आणि तिचा शब्द चालतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा सरळ मार्ग दुर्बिणीला अडथळा ठरेल म्हणून सोडावा लागला, गाडी आता अहिल्यानगर-शिर्डीमार्गे नेण्याचा विचार आहे, असे डिसेंबर २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले. गावोगावच्या लोकांना ते मान्य नाही, तो वाद चालू आहे. पण यातून महानायकांनी एक बोध घ्यावा. छातीत विद्युतचुंबकीय भट्टी बसवून उडणाऱ्या आयर्न मॅनला मंचरच्या मदतीला यायचे असेल तर त्यालाही शिर्डीमार्गेच यावे लागेल.

मराठीत या विषयाचा पाया डॉ. जयंत नारळीकरांनी कधीच घालून ठेवला. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला वळवण्यासाठी शास्त्रज्ञ परदेशात गुप्त बैठक घेतात, आणि इकडे शोध लावणाऱ्याच्या घरी शांतीसाठी यज्ञ चालतो. संकट टळल्यावर श्रेय कुणाचे, हा प्रश्न उरतोच. मंचरला एवढा सोपा निकाल लागला नसता. धूमकेतू वळला की दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागतात, आणि त्यावर शास्त्रज्ञ आणि यज्ञ सोडून बाकी सगळ्यांचे फोटो असतात.

तसा प्रसंग अगदीच दूरचा नव्हता. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सापडलेल्या ‘२०२४ वायआर ४’ या लघुग्रहाच्या धडकेची शक्यता फेब्रुवारीत तीन टक्क्यांवर गेली होती, आणि संभाव्य पट्ट्यात मुंबईचेही नाव होते. नंतर गणित सुधारले आणि पृथ्वी सुटली. २०२२ मध्ये नासाने एक यान मुद्दाम डायमॉर्फस नावाच्या खडकावर आदळवून त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाने कमीही करून दाखवली आहे, त्यामुळे पुढच्या वेळी अगदीच रिकाम्या हाताने बसावे लागणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे वर्ष ग्रहरक्षणाच्या जागृतीचे म्हणून जाहीर करून टाकले आहे, कारण त्या वर्षी अपोफिस नावाचा सुमारे साडेतीनशे मीटरचा खडक पृथ्वीपासून जेमतेम ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. तो आदळणार नाही, पुढची शंभर वर्षे तरी नाही, असे नासाने स्पष्ट केले आहे, आणि आंबेगाव तालुक्याच्या दृष्टीने ते बरेच झाले. भारतीय वेळेनुसार तो जवळ येतो १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, वार शनिवार, दुसऱ्या दिवशी रविवार. पंचनामे सोमवारी, १६ तारखेला सुरू होतील. येताना सात-बारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत आणावी.